एव्हारिस्तोची सवलत

वाल्पाराइसोच्या एका उतारावर, जिथून समुद्र
दोन इमारतींच्या फटीत बोटभरच दिसतो,
मी औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसते.
दिवसातून तीनशे वेळा एकच वाक्य :
ओळख-क्रमांक सांगा, सवलत मिळेल.

आणि लोक सांगतात.
रांगेत, मोठ्याने,
मागच्याचा श्वास मानेवर पडत असताना.
आठ आकडे, एक आडवी रेघ, मग शेवटचा आकडा.
कुणी किती वाजले विचारावं आणि सांगावं, तितकं सहज.
खाजेचं मलम घेताना सांगतात.
झोपेच्या गोळ्या घेताना सांगतात.
शाळेचा टाय अजून गळ्यात असलेला तो पोरगा
हवं ते कुजबुजत मागतो
आणि क्रमांक मात्र खणखणीत,
आईने पाठ करून घेतलेला.

मी बटणं दाबते.
पुढे ते कुठे जातं, मला विचारू नका,
मलाही कुणी सांगितलेलं नाही.
एवढं कळतं, की मशीन विसरत नाही.
संध्याकाळपर्यंत मी बहुतेक सगळं विसरते.
या दुकानात मिळणारी तेवढीच फुकट वस्तू.

इस्मेनियाबाई मंगळवारी येतात,
टेकडीच्या लिफ्टचं भाडं वाचवत
एकशे साठ पायऱ्या उतरून.
मी नवी होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी सांगितलेले आकडे टाकले
तर पडद्यावर नाव आलं : एव्हारिस्तो.
मी वर पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही.
'नवरा,' म्हणाल्या. 'जाऊन अकरा वर्षं झाली.
त्याला आता कसली लाज?'

नाण्यांची मूठ त्यांनी शेवटपर्यंत झाकलेली.
उघडली तेव्हा चार हजार सातशे पेसो.

तेव्हापासून एव्हारिस्तो कॅल्शियम घेतो,
गुडघ्याचा पट्टा घेतो,
एकदा डाळिंबी लिपस्टिक घेतली त्याने.
वाढदिवसाला त्याला दाढीच्या फेसावर अर्धी सूट आली
तर बाई इतक्या हसल्या, की खुर्ची द्यावी लागली.
मागच्या हिवाळ्यात एक चिठ्ठी आणली, आठ घड्यांची.
छातीतली गाठ काढल्यावर पाच वर्षं घ्यायची ती गोळी.
चिठ्ठी मी वाचली. मशीनने नाही.
'किती महिने झाले?' मी विचारलं,
आणि त्यांनी सांगितलं, कारण मी विचारलं होतं.

त्या रात्री मी माझा फोन उघडून बसले.
टॉर्चला माझे नातेवाईक हवे होते.
हवामानाला माझा मायक्रोफोन.
पत्त्यांच्या खेळाला मी कुठे झोपते ते.
एकेकाला नाही म्हणत गेले, दीड वाजेपर्यंत,
दारावर आलेल्या विक्रेत्यांना म्हणावं तसं,
आणि प्रत्येक जण विचारत होता : नक्की?
नक्की ना? काही गोष्टी चालणार नाहीत.
न चालू देत.

मग सांतियागोहून, मुख्य कचेरीतून फोन.
आवाज तरुण, थकलेला, येर्को नावाचा.
तुमच्या शाखेत एक ग्राहक आहे,
नोंदींप्रमाणे तो हयात नसावा. काही चूक?
मागे रांग खोकत होती.
'चूक कसली,' मी म्हटलं. 'दर मंगळवारी येतो.
जरा अबोल आहे.'
पलीकडे काहीतरी टाइप झाल्याचा आवाज.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच.
जूनमध्ये मला एक वस्तू हवी होती,
माझ्याच मागच्या फळीवरची, लांबट डब्यातली,
दोन रेघा की एक, ते दाखवणारी.
माझ्या क्रमांकावर घेतली असती
तर माझ्याआधी किती जणांना कळलं असतं, कोण जाणे.
गावात दुसरी दुकानं आहेत. वाक्य सगळीकडे तेच.

मंगळवारी बाई आल्या.
मी म्हटलं, एव्हारिस्तोला पाच मिनिटं उसना द्याल?

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं,
पोटाकडे नाही.
'ने,' म्हणाल्या. 'जिवंतपणी फार बडबड्या होता मेला.
आता सुधारलाय.'